एकाच प्रवासाची दोन अंतरे

प्रश्न : दोन शहरांमधील अंतर इंटरनेटवर शोधले असता हवाई अंतर ४३० किलोमीटर आणि रस्त्याने ५६० किलोमीटर असल्याचे दिसले. तेथे विमानाचा वेळ जेमतेम अर्धा तास दिला होता. तिकिटावर मात्र एक तास दहा मिनिटे छापलेली आहेत. यांतले खरे काय मानावे?

उत्तर : सर्वच आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, पण ते एकाच गोष्टीचे नाहीत. हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलाकार पृष्ठभागावरून मोजलेले, दोन बिंदूंमधील कमीत कमी अंतर. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आणि पृथ्वीची सरासरी त्रिज्या, म्हणजे ६३७१ किलोमीटर, एवढ्यावर ते काढता येते. रस्ता मात्र डोंगर, नद्या आणि वाटेतली गावे पाहून वळत जातो, त्यामुळे तो बहुधा सव्वापट ते दीडपट भरतो. आपल्या उदाहरणात १.३ पट आहे. मध्ये पाणी आले की हे गणित पार कोलमडते. दक्षिण अमेरिकेतील ब्यूनस आयर्स आणि माँटेव्हिडिओ ही शहरे सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटरवर आहेत. पण प्लाता नदीच्या विस्तीर्ण मुखाला वळसा घालून मोटारीने जायचे तर ६०० किलोमीटरच्या आसपास अंतर कापावे लागते.

आता अर्ध्या तासाविषयी. हा आकडा अंतराला ताशी ८००-८५० किलोमीटर वेगाने भागून काढलेला असतो, जणू विमान जमिनीवरूनच त्या वेगाने सुटते! प्रत्यक्षात छोट्या उड्डाणाचा बराचसा वेळ चढण्यात आणि उतरण्यात जातो आणि पूर्ण वेगाचा टप्पा थोडाच उरतो. शिवाय तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंतची वाटचाल येते आणि संभाव्य विलंबासाठी थोडी सवडही धरलेली असते. लांबच्या प्रवासात वाऱ्याचाही वाटा असतो. मध्य अक्षांशांत साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, म्हणून लंडनहून न्यूयॉर्कला जाण्यापेक्षा तेथून परतायला साधारणपणे तासभर कमी लागतो. घड्याळावरून हा फरक ताडू नये, कारण सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या-त्या ठिकाणची स्थानिक असते.

रस्त्याच्या बाबतीत चूक होते ती सरासरीत. अर्धे अंतर ताशी ६० ने आणि अर्धे ताशी १२० ने कापले, तर सरासरी ९० नव्हे, ८० येते, कारण संथ टप्प्यात वेळ अधिक जातो.

निर्णय घ्यायचा असेल, तर घरापासून मुक्कामापर्यंतचा वेळ मोजावा. विमानतळावर जाणे, तपासणी, सामान घेणे आणि पुढे शहरात पोहोचणे यासाठी साडेतीन तास धरले, तर आपला विमानप्रवास पावणेपाच तासांच्या घरात जातो. रस्त्याने ताशी ७० च्या सरासरीने आठ तास होतात. येथे विमान सरस ठरते. याच हिशेबाने रस्त्याचे अंतर सुमारे ३०० किलोमीटर असेल, तर दोन्हीकडे सव्वाचार तासच लागतात, आणि रस्ता चांगला असून सरासरी ९० पडत असेल, तर ही बरोबरी ४०० किलोमीटरच्या जवळपास होते.