लेकरू घरी येतं तेव्हा
वाचकांचे प्रश्न : प्रतिपालकत्व

प्रश्न : पाच एकर वावर आहे, कापूस आणि तूर. पोरगी लग्न होऊन गेली, घर सुनं झालं. बालगृहातलं लेकरू काही वर्षं घरी वाढवता येतं, असं अंगणवाडीताईंनी सांगितलं. हे दत्तकच का? अर्ज कुठं करायचा? सरकार पैसे देतं म्हणतात, ते खरं का? (दारव्हा तालुका, यवतमाळ)

हे दत्तक नाही, आणि ही गोष्ट आधी घरातल्या सगळ्यांना नीट कळू द्या. दत्तक मूल कायद्यानं तुमचं होतं, वारस होतं. प्रतिपालकत्वात लेकरू बाल कल्याण समितीच्या, म्हणजे निराधार मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीच्या आदेशानं तुमच्या घरी राहतं. आडनाव त्याचंच राहतं, वावरात वाटा येत नाही, आणि आईवडिलांची घडी बसली तर ते त्यांच्याकडे परत जातं. आदेश वर्षभराचा असतो किंवा जास्त मुदतीचा, फार तर मूल 18 वर्षांचं होईपर्यंत. केंद्राच्या 2024 च्या सूचनांनुसार दोन वर्षं सांभाळल्यावर त्या कुटुंबाला त्याच मुलाच्या दत्तकासाठी अर्ज करता येतो, पण ते मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मोकळं आहे, असं समितीनं जाहीर केलेलं असेल तरच. दत्तकाची रांग चुकवायला कुणी या वाटेनं येऊ नये. त्यात लेकराचे हाल होतात.

यवतमाळला जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. नोंदणी ऑनलाइन असली तरी आधी समोर बसून बोललेलं बरं. मग पोलीस पडताळणी होते, वैद्यकीय तपासणी होते आणि सामाजिक कार्यकर्ते घरी येतात. टिनाचं घर आहे म्हणून लाजू नका. लेकरू झोपणार कुठं, संडास किती लांब, शाळा किती लांब, वेचणीच्या दिवसांत घरी कोण असतं, हे ते बघतात. पीककर्ज असेल तर लपवू नका. कर्ज असणं ही अडचण नाही, खोटं सांगितलेलं उघडं पडणं ही अडचण आहे.

पैशांचं म्हणाल, तर केंद्राच्या मिशन वात्सल्य या मुलांसाठीच्या योजनेखाली मंजुरी मिळाल्यावर मुलामागे महिन्याला 4000 रुपये मिळतात. राज्याची बाल संगोपन योजना वेगळी आहे. तिचे 2250 रुपये बहुतेक वेळा एकट्या पालकाकडे किंवा नातेवाइकांकडे असलेल्या मुलांसाठी असतात. गावोगावी या दोन्हींची सरमिसळ होते. पैसा उशिरानं येऊ शकतो, तेव्हा वह्या, चपला, दवाखाना यांचा तीन-चार महिन्यांचा खर्च स्वतःच्या खिशातून निघेल एवढी तयारी ठेवा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. वेचणीला दोन हात वाढतील, असा विचार घरात कुणाच्याही मनात असेल, तर अर्जच करू नका. समितीनं दर महिन्याला येऊन पाहणी करायची असं कायद्यात आहे, आणि शाळा बुडवलेली हजेरीपटावर दिसतेच.

प्रश्न : मी विधवा आहे, वय 41. मला लेकरू मिळेल का? (आर्वी तालुका, वर्धा)

हो, मिळू शकतं. 2024 पासून 35 वर्षांवरची एकटी व्यक्तीही अर्ज करू शकते. एकट्या बाईला मुलगा किंवा मुलगी, दोन्ही चालतं; एकट्या पुरुषाकडे मुलगाच देतात. तुम्ही आजारी पडलात तर लेकराकडे कोण बघेल, हे विचारतीलच. त्या माणसाशी आधी बोलून ठेवा.

प्रश्न : दोन महिन्यांपासून नऊ वर्षांचा मुलगा आमच्याकडे आहे. पहिले पंधरा दिवस शहाण्यासारखा होता. आता उशीखाली भाकर लपवतो, रात्री अंथरूण ओलं करतो आणि विचारलं की खोटं बोलतो. सासूबाई म्हणतात, वळण नाही. (चिखलदरा तालुका, अमरावती)

पहिले काही दिवस लेकरू पाहुण्यासारखं वागतं. आता तो खरा वागायला लागला, म्हणजे घर थोडं ओळखीचं झालं. सासूबाईंना हे निवांत बसून सांगा, कारण दिवसभर त्यांचाच शब्द त्याच्या कानावर पडतो.

भाकर लपवणं म्हणजे चोरी नाही. कधीतरी उपाशी झोपलेल्या, नंतर बालगृहात घंटेवर जेवलेल्या पोटाला उद्याची खात्री नसते. ‘भूक लागली की माग’ म्हणून भागत नाही, कारण मागायचीच त्याला भीती आहे. झाकणाचा एक स्टीलचा डबा त्याच्या नावाचा करा. रोज सकाळी त्यात दोन मुठी फुटाणे, शेंगदाणे आणि गुळाचा खडा टाका. संध्याकाळी पुन्हा बघा आणि रिकामा असेल तर काही न विचारता भरा. डबा अंथरुणाजवळ ठेवायची मुभा द्या. उशीखाली मुंग्या येणार नाहीत आणि त्यालाही लपवावं लागणार नाही. याला आठवडे लागतात, कधी महिने. या काळात जेवण बंद करायची शिक्षा चुकूनही नको. तसं केलं तर महिन्यांची मेहनत एका रात्रीत वाया जाते.

अंथरुणाचं कारण पुष्कळदा अंगणात असतं. संडास घरामागे, वाटेवर अंधार, साप-विंचवाची भीती. नऊ वर्षांचं पोर नव्या घरात रात्री कुणाला उठवणार? वाटेवर बल्ब लावा, नाहीतर खोलीच्या कोपऱ्यात झाकणाची बादली ठेवा. झोपण्याआधी सोबत जा. बरंचसं पाणी दिवसाच पाजा, पण उन्हाळ्यात पाणी तोडू नका. गोधडीखाली प्लास्टिक आणि बदलायला दुसरी गोधडी असू द्या. दिवसाही कपडे ओले होत असतील, जळजळ होत असेल, शौचाला खडा होत असेल किंवा तहान फार लागत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवी आणि साखर तपासून घ्या. बालगृहाच्या कागदांत सिकलसेलचा (आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार) रिपोर्ट नसेल तर तोही करून घ्या. आपल्या भागात हे टाळू नये.

खोटं बोलण्याचं अर्धं कारण आपला प्रश्न असतो. ओली गोधडी हातात धरून ‘तू केलंस का?’ विचारलं, तर तो नाहीच म्हणेल. त्यापेक्षा ‘चल, वाळत घालू’ म्हणा, आणि दोरीचं एक टोक त्याच्या हातात द्या.

शाळेत टीसी आली नाही म्हणून अडवत असतील, तर शिक्षण हक्क कायद्यानं त्यासाठी प्रवेश थांबवता येत नाही, हे नम्रपणे सांगा. आणि त्याचा फोटो किंवा कहाणी व्हॉट्सॲपवर टाकू नका. कौतुकानं टाकलेली गोष्टही उद्या वर्गात त्याला चिडवायला वापरली जाते.

प्रश्न : दीड वर्ष सांभाळलेली पोरगी पोळ्यानंतर तिच्या आईकडे जाणार आहे. आई आजारातून उठली आहे. आमच्या घरात कुणाला जेवण गोड लागत नाही. (मंगरूळपीर तालुका, वाशिम)

लागणार नाहीच. दीड वर्ष वेणी घातलेला हात एका दिवसात मोकळा होत नाही. तिच्यासमोर रडू आलं तर येऊ द्या. फक्त ‘आम्हाला सोडून चाललीस’ हे शब्द नकोत. नाहीतर आईकडे जाण्याचा आनंद तिला अपराध वाटायला लागतो.

समितीला विचारून आधी आईच्या दोन-तीन भेटी ठरवा, मग एक मुक्काम. आई आली की तिला चहा तुमच्या स्वयंपाकघरात द्या, ओसरीवर नको. पोरगी ते बघत असते. तिला वरणात गूळ आवडतो, दिवा मालवला की घाबरते, गणितात पाढे कच्चे आहेत, असं सगळं आईला सांगा. दीड वर्षात बदललेली लेक आईला नव्यानं ओळखायची आहे.

टीसी, गुणपत्रक, दवाखान्याचे कागद आणि आधार एका पिशवीत घाला. फोटोंच्या प्रती काढा. एक संच तिला द्या, एक तुमच्याकडे ठेवा. रोज पांघरते ती गोधडी धुवू नका, तशीच द्या. तिकडे पहिल्या रात्री ओळखीचा वास सोबत असेल. पुढच्या फोनचा आणि भेटींचा विषय समितीसमोर तुम्हीच काढा, आणि आईची हरकत नसेल तर दिवाळीची एक भेट त्याच दिवशी लिहून घ्या.