ग्रंथालयशास्त्रात पीएचडी करणारे नक्की कशावर संशोधन करतात?

'पुस्तकं कपाटात लावण्यात संशोधन करण्यासारखं काय असतं?' असं तुम्ही विचारलंय. माझी पीएचडी झाली तेव्हा आतेभावानेही हेच विचारलं होतं, फक्त इतक्या सभ्यपणे नाही.

आधी कबुली देते. आमच्या विभागांतून होणारं बरंचसं काम प्रश्नावलीछाप असतं. 'अमुक जिल्ह्यातील महाविद्यालयीन वाचकांचा ई-साधनांचा वापर.' जिल्हा बदलला की नवा प्रबंध. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट, म्हणजे विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणारी संस्था, प्रबंधांचं 'शोधगंगा' हे भांडार चालवतं, ते चाळून बघा, पटेल. दुसरा मोठा ओघ लेख आणि नियतकालिकांच्या मोजणीचा. ब्रॅडफर्ड या ब्रिटिश ग्रंथपालाने १९३४ मध्येच दाखवलं होतं की एखाद्या विषयावरचे बरेचसे लेख मूठभर नियतकालिकांत एकवटतात आणि उरलेले शेकडो ठिकाणी विखुरतात. वर्गण्यांना कात्री लावायची वेळ आली की ग्रंथपालाला हा नियम आठवतो.

पण मला विचाराल तर खरी गंमत तालिकेत, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या सूचीत आहे. शिरवाडकरांनी कविता 'कुसुमाग्रज' म्हणून लिहिल्या, नाटकं वि. वा. शिरवाडकर या नावाने. गडकऱ्यांची तर तीन नावं: नाटकांवर राम गणेश गडकरी, कवितेत गोविंदाग्रज, विनोदात बाळकराम. नोंद कुठल्या नावाखाली करायची? कार्डांच्या काळात एका नावावरून दुसऱ्याकडे पाठवणारं 'पाहा' असं एक जादा कार्ड घातलं की भागायचं. आता ते दुवे संगणकात कुणीतरी बसून भरावे लागतात, आणि तो 'कुणीतरी' बहुतेक ठिकाणी नसतोच.

त्यात शुद्धलेखन. १९६२ च्या नियमांनी उच्चार न होणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकावर 'कांहीं' छापलेलं असतं आणि नोंद करणारा ते जसंच्या तसं उतरवतो. बरोबरच करतो. आजचा विद्यार्थी 'काही' टाइप करतो आणि ओपॅक, म्हणजे ग्रंथालयाची संगणकावरची सूची, सांगतं, पुस्तक नाही. संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीची, युनिकोडची, वेगळीच गोची. 'तऱ्हा'मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो; डोळ्यांना एकच, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द.

माझा विषय हाच होता. कपाटात असलेल्याच पुस्तकांची नावं मी मुलांना तोंडी सांगायचे आणि ती काय टाइप करतात ते शेजारी बसून लिहून घ्यायचे. एका मुलीने तीनदा शोधलं, मग खुर्ची मागे सारून म्हणाली, "मॅडम, तुम्हीच उठून द्या ना." हे वाक्य प्रबंधात घालू नका, असं गाईडनी सांगितलं. मी परिशिष्टात घातलं.

तुम्हाला यात यायचं असेल, तर एमलिब (ग्रंथालयशास्त्रातली पदव्युत्तर पदवी) आणि नेट-सेट या पात्रता परीक्षा होतीलच. विषय ठरवण्याआधी आठवडाभर देवघेवीच्या काउंटरवर बसा. पुस्तक कपाटात असूनही किती जण रिकाम्या हाताने परत जातात, तेवढं वहीत टिपा. आणि ती वही गाईडला दाखवा.