वाचकांचे प्रश्न : कुशल माणसे देश का सोडतात?

प्रश्न : डॉक्टर, अभियंते, संशोधक अशी गुणी माणसे शिक्षण पूर्ण होताच परदेशाची वाट धरतात. ज्या समाजाने त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला, त्याला सोडून जाण्यामागे पैशाखेरीज दुसरे काही कारण असते का?

उत्तर : पैसा हे कारण खरेच आहे. ज्याच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज आहे आणि ज्याच्या कमाईवर घर चालते, त्याने त्याच कामाचा कित्येक पट मोबदला देणारी नोकरी पत्करली, तर त्याला लोभी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. परंतु पगार वाढवला की माणसे थांबतील, हा समज अपुरा आहे.

जीवरसायनशास्त्रज्ञ हरगोविंद खुराना यांचेच पाहा. लिव्हरपूल येथे डॉक्टरेट मिळवून आणि झुरिक येथे काही काळ संशोधन करून ते १९४९ साली भारतात परतले होते. पण येथे त्यांना नोकरी मिळाली नाही. मग केंब्रिज, १९५२ साली कॅनडातील व्हँकुव्हर, १९६० साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन असा त्यांचा प्रवास झाला आणि १९६८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आलेल्या माणसाला काम देता आले नाही, ही त्यांच्या जाण्यामागची खरी गोष्ट आहे.

नोकरी असूनही काम होत नाही, अशी अवस्था तर अधिक जाचक असते. बाहेरून मागवलेले रसायन मंजुरीच्या फाइलीत अडकून पडते आणि हाती येते तेव्हा त्याची मुदत संपत आलेली असते. यंत्राचा एक सुटा भाग मिळेना म्हणून प्रयोग महिनोन्‌महिने बंद राहतो. आणि एवढे सोसूनही बढती वशिल्याने दुसऱ्याला मिळते. आपण शिकलेली विद्या वापराविना गंजत चालली आहे, ही जाणीव माणसाला आतून पोखरते. युद्ध किंवा राजकीय दडपशाही असेल, तेथे तर निवडीचा प्रश्नच उरत नाही.

हे केवळ गरीब देशांचे दुखणे नव्हे. ब्रिटनमधील शास्त्रज्ञ अमेरिकेकडे जाऊ लागले, तेव्हा १९६३ साली रॉयल सोसायटी या तेथील विज्ञानसंस्थेने त्याविषयी अहवाल काढला आणि ‘ब्रेन ड्रेन’ (बुद्धिमान माणसांचा बाहेर जाणारा ओघ) हा शब्द त्याच सुमारास रूढ झाला.

समाजाच्या ऋणाचा आपला मुद्दा मला मान्य आहे, विशेषतः डॉक्टर आणि परिचारिकांच्या बाबतीत. कारण ते गेले की मागे रुग्ण उरतात. मात्र तो सारा भार एकट्या व्यक्तीवर टाकता येणार नाही. प्रशिक्षणाचा खर्च न करता तयार माणसे नेणाऱ्या श्रीमंत देशांचीही जबाबदारी आहे. मनुष्यबळाची तीव्र टंचाई असलेल्या देशांतून आरोग्य कर्मचाऱ्यांची सक्रिय भरती करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या आचारसंहितेत म्हटले आहे. ती बंधनकारक नाही, हे दुर्दैव.

परतू इच्छिणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. बाहेरचा अनुभव सेवाज्येष्ठतेत धरला जात नाही, वयाची अट आड येते, मुलांची शाळा मध्येच सोडवत नाही. आणि दोन वर्षांसाठी म्हणून गेलेला माणूस तेथेच राहतो.