पोरगा कोच व्हायचं म्हणतोय, मग घर गहाण कशासाठी?

प्रश्न : मुलगा सातव्या वर्षापासून टेनिस खेळतोय. यंदा बारावी सायन्स झाली. अठरा वर्षांखालील गटात राष्ट्रीय क्रमवारीत दोनशेच्या आसपास आहे, पण गुडघ्याच्या दुखण्यामुळे वर्षभर स्पर्धा फारशा झाल्या नाहीत. आजवर बावीस लाख खर्च झाले. आता म्हणतो, मला कोच व्हायचंय. संध्याकाळी क्लबवर लहान मुलांना शिकवतो. एवढं करून पोरांना चेंडू टाकत बसायचं का? घरावर कर्ज काढून त्याला दोन वर्षं स्पेनच्या अकादमीत पाठवू, की सरळ इंजिनिअरिंगला घालू? – एक पालक, सांगली

उत्तर : तुमचं मूळ पत्र बरंच मोठं आहे, वर फक्त गोषवारा दिलाय. त्या अख्ख्या पत्रात मुलाचं नाव कुठेच नाही. बावीस लाख मात्र तीनदा आलेत. रॅकेट, गटिंग (रॅकेटच्या तारा बसवणं), बूट, प्रवास, हॉटेल असा वर्षवार तक्ताही जोडलाय. शिवाय तुम्ही अभिमानाने लिहिलंय की प्रत्येक सामन्यातले डबल फॉल्ट, म्हणजे सलग दोनदा चुकलेल्या सर्व्हिस, तुम्ही वहीत टिपता आणि परतीच्या प्रवासात गाडीत वाचून दाखवता.

मला काळजी वाटली ती या वहीची. क्रमवारीची नाही, गुडघ्याचीही तेवढी नाही. हरलेला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, सोलापूर ते सांगली बंद गाडी आणि शेजारी चुका वाचणारा बाप. उतरून जायलाही जागा नाही! पैसे तुम्ही मायेने खर्च केलेत, यात शंका नाही. पण ते कर्ज म्हणून त्याच्या नावावर कधी लिहिले, हे त्याला विचारलं होतं का? सातव्या वर्षी त्याने फक्त रॅकेट मागितली असेल. आणि एवढं सगळं होऊनही तो रोज संध्याकाळी त्याच कोर्टवर परत जातोय, हे तुमच्या लक्षातच आलेलं नाही. खेळाचा वीट आलेला मुलगा कोर्टकडे फिरकला नसता.

आता ‘चेंडू टाकत बसणं’. जो खेळाडू म्हणून फसतो तो कोच होतो, हा आपल्याकडचा फार जुना गैरसमज. ऑस्ट्रेलियाच्या डॅरेन केहिलचं उदाहरण घ्या. १९८८ च्या यूएस ओपनमध्ये त्याने बोरिस बेकरला हरवून उपांत्य फेरी गाठली, पुढच्या वर्षी जागतिक क्रमवारीत २२ वा झाला. मग गुडघ्याने दगा दिला आणि तिशीच्या उंबरठ्यावर खेळणं संपलं. पुढे त्याच्या हाताखाली लेटन ह्युइट विसाव्या वर्षी जगात अव्वल झाला आणि आंद्रे आगासी तेहतिसाव्या. एक उगवता, एक मावळतीकडे झुकलेला. दोघांना एकच औषध चाललं नसतं. त्याचीच शिष्या, रोमानियाची सिमोना हालेप सामन्यात स्वतःवरच चिडून हातपाय गाळायची. २०१७ मध्ये मायामीच्या स्पर्धेनंतर केहिलने तिचं काम चक्क सोडलं. तिने स्वभावावर मेहनत घेतली, तेव्हा तो परतला. त्याच वर्षी ती अव्वल झाली आणि २०१८ मध्ये फ्रेंच ओपन जिंकली. फोरहँड तिला आधीपासून येतच होता. इटलीच्या यानिक सिनरसोबत केहिलच्या जोडीने काम केलेले सिमोने वान्योत्सी तर खेळाडू म्हणून पहिल्या शंभरातही कधी नव्हते. खेळता येणं आणि दुसऱ्याला खेळतं करणं ही दोन वेगळी कामं आहेत. लांब कशाला, पुण्याचे नंदन बाळ डेव्हिस कप खेळले, मग भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले आणि २०२० मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला.

यावरून तुमचा मुलगा केहिल होईल असं मी म्हणत नाही. आपल्याकडे बहुतेक कोच क्लबच्या कोर्टवर पहाटे सहाला उभे असतात, दुपारी घरी आणि संध्याकाळी पुन्हा कोर्टवर. फीमधला वाटा क्लबला जातो. मातीची कोर्टं पावसाळ्यात बंद पडतात आणि तेवढे महिने कमाई आटते. सुरुवातीला तर मार्कर (क्लबच्या सभासदांना सरावासाठी चेंडू मारून देणारा) आणि कोच यांतला फरकही लोक करत नाहीत. हे सगळं त्याला आत्ताच माहीत असायला हवं. आणि विद्यार्थ्यांच्या पालकांशी बोलणं हा या कामातला सर्वांत कठीण भाग. त्याचा सराव मात्र त्याला घरीच भरपूर झालाय!

कोर्सचं म्हणाल तर अखिल भारतीय टेनिस संघटना आणि आंतरराष्ट्रीय महासंघाचे पायरीपायरीचे प्रशिक्षक अभ्यासक्रम आहेत; शाळेत नोकरी हवी असेल तर पदवीनंतर बी.पी.एड.

स्पेन नको. दुखऱ्या गुडघ्यावर दोन वर्षं तिथल्या लाल मातीच्या कोर्टवर रोज दोन-दोन सत्रं म्हणजे दुखणं विकत घेणं. समजा गुडघा बरा झाला, तरी पुढे काय? व्यावसायिक टेनिसची सगळ्यात खालची पायरी म्हणजे एम-१५ स्पर्धा. एकेरी-दुहेरी मिळून एकूण बक्षीस १५,००० डॉलर, आणि एकेरीच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्याच्या हाती दोनशे डॉलरही पडत नाहीत. विमानाचं तिकीटसुद्धा त्यात निघत नाही. घर गहाण ठेवून चढण्याची ही पायरी नव्हे. खेळ आणि शिक्षण दोन्ही हवं असेल तर अमेरिकन विद्यापीठांच्या टेनिस शिष्यवृत्तीची चौकशी करा. आपली ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली आणि पुढे २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकली. पण हा रस्ताही मुलाला जायचं असेल तरच.

इंजिनिअरिंगबद्दल मी काहीच लिहीत नाही, कारण त्याला ते हवंय असं तुमच्या पत्रात एका ओळीतही दिसलं नाही.

या वर्षी एवढंच करा. गुडघा खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. जवळच्या कॉलेजात त्याच्या आवडीच्या पदवीला प्रवेश घेऊ द्या. क्लबच्या मुख्य कोचना भेटून, तो सहायक म्हणून काम करेल का आणि त्याचं मानधन किती, हे त्यालाच बोलू द्या. तुम्ही सोबत जाऊ नका. वही कपाटात ठेवा, आणि पुढच्या वेळी पत्र त्याला लिहू द्या.

अकादमीचा ॲडव्हान्स अजून भरला नसेल तर भरू नका. भरला असेल तर परताव्याची अट आजच वाचून काढा.