निसर्गातील देव आणि रोजचे वागणे

नव्याने उपासनेला येऊ लागलेल्या तुमच्यासारख्यांना माझे पहिले सांगणे असे की, बायबलमधील 19वे स्तोत्र सावकाश वाचा. त्यातील पहिल्या सहा वचनांत आकाश आणि सूर्य आहेत, आणि सातव्यापासून एकाएकी परमेश्वराचे नियमशास्त्र, म्हणजे त्याच्या आज्ञा, सुरू होते. हा सांधा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांची भक्ती पहिल्या भागातच रेंगाळते: डोंगर पाहून डोळे भरून येतात, आणि घरी परतताच आपण कामवाल्या बाईंवर खेकसतो.

ऑक्टोबरमध्ये वसईत आगेऱ्याचा, म्हणजे सुगीचा, सण असतो, तेव्हा नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये आणल्या जातात. शक्य झाल्यास एक लोंबी हातात घेऊन पाहा. टोकाचे दाणे पिवळे पडून टणक झालेले असतात, तर देठाकडचे अजून हिरवट असतात. असे बारकाईने पाहणे हीदेखील प्रार्थनाच आहे. मात्र सृष्टी म्हणजे देव नव्हे, ती त्याची निर्मिती आहे, हा भेद सुटू देऊ नका.

बायबलमधील लेवीय पुस्तकाच्या 19व्या अध्यायात शेताच्या कडेचे पीक कापू नये आणि सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेले धान्य, गोरगरिबांसाठी राहू द्यावा, अशी आज्ञा आहे. शेत नसलेल्यांनाही ती लागू पडते, असे माझे मत आहे: भाजीवाल्या मावशींशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका, हाताखालच्या माणसांचा पगार वेळेवर द्या आणि त्याचा गाजावाजा टाळा.