टपाची कडी लागत नाही? आधी जोर लावणं थांबवा

भाऊ, कापडी टप दुमडून मागे टाकता येतो अशा जुन्या टू-सीटर गाडीत टप पुढच्या काचेच्या चौकटीला अडकवणारी कडी अडली की नवखा माणूस पहिली चूक करतो ती हँडल दाबून धरण्याची. मीही तेच केलं आणि कडीचा ओतीव धातूचा कान तुटला. जुन्या गाडीचा तो भाग सहज मिळत नाही.

बऱ्याचदा दोष कडीचा नसतोच, कापडाचा असतो. टप महिनोन् महिने दुमडून ठेवला की कापड आकसतं. सोलापूरचं ऊन इथे कामाला येतं: दुपारी गाडी अर्धा तास उन्हात ठेवा, काचा थोड्या खाली घ्या, मग टप पुढे ओढून कडी लावून बघा. मागची खिडकी प्लास्टिकची आणि चेनची असेल तर आधी चेन उघडा, ताण कमी होतो.

तरीही नाही लागली तर:

- पुढच्या काचेच्या चौकटीवरची, कडीचा हुक अडकतो ती खाच ब्रशने साफ करा. आपल्याकडची धूळ जुन्या ग्रीसमध्ये बसून दगड होते.
- सांध्यांना पांढरं ग्रीस, अगदी थोडं. गंज सोडवायचा स्प्रे हे वंगण नव्हे, तो उडून जातो. कापडाला काही लागू देऊ नका.
- हुकाला आटे असतील तर आधी मार्करने खूण करा, मग अर्धाच फेरा फिरवा. दोन्ही बाजू सारख्या.

स्प्रिंग आणि केबलला सध्या हात लावू नका. आणि एकच कडी लागलेली असताना पुणे हायवेवर अजिबात जाऊ नका, वाऱ्याने टप उचलला जातो. काय झालं ते कळवा, दोन्ही हुकांचे फोटो पाठवा.