रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी बंद करू का?

प्रश्न : माझं वय ५८. गेल्या वर्षी हार्ट अटॅक आला, स्टेंट टाकला. तेव्हा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४२ होतं, रोज अटोरव्हास्टॅटिन घेऊन आता ६४ झालंय. पण मांड्या दुखतात. रिपोर्ट नॉर्मल आहे, तर गोळी बंद करू का?

उत्तर : नका करू. हे ६४ गोळीमुळे आहे. ती सोडलीत की काही आठवड्यांत आकडा पुन्हा १४२च्या आसपास जाईल.

शिकत असताना शवविच्छेदनात हृदयाची एक रक्तवाहिनी उभी चिरलेली पाहिली, ती अजून डोळ्यांसमोर आहे. आतून गुळगुळीत हवी, ती बोटाला खडबडीत लागत होती. वरचं टणक कवच फोडलं की खाली पिवळा, मऊ लगदा, सुरीच्या टोकाला चिकटणारा. स्टेंट अशी एखादी जागा उघडी ठेवतो. बाकीच्या वाहिन्यांत साठलेलं तसंच राहतं आणि गोळी आहे ती त्यासाठी.

यकृतात कोलेस्टेरॉल बनतं, ते काम स्टॅटिन (तुमची अटोरव्हास्टॅटिन याच गटातली) मंदावतं. मग यकृत आपली गरज भागवायला रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. जपानच्या अकिरा एंडो यांना १९७०च्या दशकात हजारो बुरशा तपासल्यावर यातलं पहिलं रसायन सापडलं. पुढे ४,४४४ हृदयरुग्णांवर याच गटातल्या सिम्व्हास्टॅटिनचा अभ्यास झाला, त्याचे निकाल १९९४ साली आले. सुमारे साडेपाच वर्षांत औषध नसलेल्या गोळीच्या गटात २५६ माणसं गेली, सिम्व्हास्टॅटिनच्या गटात १८२. गोळी सोडायची म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे दोन आकडे कागदावर लिहून देतो.

आता मांड्या. तुमचं दुखणं खरं आहे. पण त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी, औषध नसलेली पोकळ गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं देऊन पाहिलं गेलं. पोकळ गोळीच्या महिन्यांतही त्रास जवळजवळ तेवढाच निघाला. हे कळल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. म्हणून आधी सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढतं ते) आणि थायरॉइड तपासून घ्या, इतर चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. डोस कमी करता येतो, दुसरं स्टॅटिनही देता येतं. मात्र दुखणं अचानक वाढलं, अशक्तपणा आला किंवा लघवी गडद तपकिरी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आणि ‘नॉर्मल’चं म्हणाल, तर रिपोर्टवर छापलेली मर्यादा अटॅक न आलेल्यांची. तुमच्यासारख्यांसाठी युरोपातल्या हृदयतज्ज्ञांनी २०१९ साली ५५च्या खालचं लक्ष्य ठरवलं. तेव्हा पुढच्या भेटीत एझेटिमाइबबद्दल विचारा. आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जातं, ते ही गोळी अडवते. ती जोडली तर स्टॅटिनचा डोस न वाढवताही एलडीएल आणखी खाली येतं, आणि मांड्या दुखत असताना तुम्हाला तेच सोयीचं पडेल.